पेक्टिनेज घालूनही पेरूचा रस निवळत नाही? दर थंडीत येणाऱ्या अडचणीचा छडा

डिसेंबर उजाडला, मार्केट यार्डात पेरूच्या पाट्या लागायला लागल्या, की मला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. "पावसाळ्यात याच मापानं एन्झाइम घालत होते, रस असा निवळायचा की ग्लासापलीकडचं वर्तमानपत्र वाचता यायचं. आता दुप्पट घातलं तरी ताकासारखा गढूळ. एन्झाइममध्येच काहीतरी भेसळ आहे का?"

बहुतेक वेळा भेसळ नसते. हे मी खात्रीनं सांगते, कारण धायरीतल्या माझ्या छोट्या युनिटमध्ये मी स्वतः सलग दोन हिवाळे हीच चूक केली आहे. दुसऱ्या हिवाळ्यातली ती सकाळ मला नीट आठवते. चाळीस किलो पेरूचा गर स्टीलच्या दोन टोपांत रात्रभर ठेवला होता. सकाळी झाकण काढलं तर वर पाणीसुद्धा सुटलेलं नव्हतं. पळी उभी केली तर उभीच राहिली. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, अजून एक चमचा टाकायचा का?" आणि मी टाकला. दुपारी आणखी एक. संध्याकाळपर्यंत महिनाभर पुरेल एवढं एन्झाइम त्या टोपांत गेलं होतं आणि गर होता तिथंच होता. तो सगळा माल शेवटी जॅमला वापरला.

त्या दिवशी मी टोपात थर्मामीटर घालून बघितला असता तर पैसे वाचले असते. गर १८ अंशांवर होता.

आपण नक्की काय घालतो आहोत, ते आधी बघू. फळाच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे. दोन पेशींच्या मधल्या थरात आणि पेशीभित्तिकेत ते भरलेलं असतं. गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाचे शेकडो रेणू एकामागून एक जोडून झालेली ही लांबलचक साखळी आहे, आणि त्यातल्या बऱ्याच रेणूंवर मिथाइलचं टोपण बसलेलं असतं. फळ वाटलं की या साखळ्या रसात उतरतात, पाणी धरून ठेवतात, रस दाट करतात आणि गराचे बारीक कण तरंगत ठेवतात. आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२५ मध्ये या पदार्थाला नाव दिलं, ते थिजणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. जॅम-जेली करणाऱ्याला हे थिजणं हवं असतं. निवळ रस करणाऱ्याला ते मोडावं लागतं.

मोडायचं काम करतं ते पेक्टिनेज. रसासाठी मिळणारं पेक्टिनेज बहुतेक करून ॲस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीपासून काढलेलं असतं, आणि ते एकच एन्झाइम नसतं, तीन-चार जणांची टोळी असते. पेक्टिन एस्टरेज साखळीवरची टोपणं काढतं. पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज टोपण नसलेल्या जागी पाण्याचा रेणू घालून साखळी तोडतं. पेक्टिन लायेज टोपणांसकट साखळी तोडू शकतं. यातली जी एन्झाइमं साखळीच्या मधोमध घाव घालतात, त्यांच्यामुळे दाटपणा झपाट्यानं उतरतो. शिजलेल्या शेवयांचा गुंता टोकापासून एकेक कण खुडत सोडवायचा म्हटलं तर दिवस जाईल, पण मध्ये चार ठिकाणी सुरी फिरवली की लगेच मोकळा होतो. तसंच हे.

दाटपणा उतरला म्हणजे रस निवळला, असं मात्र नाही. रसातले गढूळ कण म्हणजे आत प्रथिनाचा गाभा आणि वर पेक्टिनचं आवरण. आवरणावर ऋण भार असतो, म्हणून कण एकमेकांना ढकलतात आणि तरंगत राहतात. एन्झाइमनं आवरण खाल्लं की आतला धन भार उघडा पडतो, उघडे-झाकलेले कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि साका खाली बसतो. म्हणजे आधी रस पातळ होतो, मग त्यात फुटक्या दुधासारखे कण दिसतात, आणि त्यानंतर तो निवळतो. मधल्या टप्प्यावर घाबरून पुष्कळ जण रस ओतून देतात. कण दिसले की थांबा, ते चांगलं लक्षण आहे.

सगळ्यात आधी स्पिरिटची चाचणी

रस गढूळ आहे म्हणजे त्यात पेक्टिनच शिल्लक आहे असं गृहीत धरू नका. उभ्या काचेच्या ग्लासात दोन चमचे गाळलेला रस घ्या, त्यात चार चमचे स्पिरिट घाला. प्रयोगशाळेतलं ९५ टक्के अल्कोहोल मिळालं तर उत्तम, नाहीतर औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपाइल अल्कोहोलही चालतं. ग्लास हलकेच एकदा फिरवा आणि दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. पेक्टिन अल्कोहोलमध्ये विरघळलेलं राहू शकत नाही, ते बाहेर पडतं. जेलीचा सलग गोळा वर आला, काट्यानं उचलता आला, तर पेक्टिन जवळजवळ अख्खं आहे, एन्झाइमनं काम सुरूच केलेलं नाही. बारीक तंतू किंवा चिंध्या दिसल्या तर काम अर्ध्यावर आहे, वेळ द्या. काहीच आलं नाही, तर पेक्टिन संपलं आहे आणि गढूळपणाचं कारण दुसरं आहे. अशा वेळी आणखी एन्झाइम घालणं म्हणजे पैसे मोरीत ओतणं.

चाचणीचा ग्लास फेकून द्यायचा. तो चाखायचा नाही, टोपात परत ओतायचा नाही. युनिटमध्ये मदतीला नवीन माणूस असेल तर हे त्याला मुद्दाम सांगा.

गोळा आला तर: थंडी

पुण्यातल्या हिवाळ्यात बहुतेक वेळा कारण हेच. बुरशीचं पेक्टिनेज ४५ ते ५० अंशांना सगळ्यात जोमानं काम करतं. ढोबळ हिशेब असा, की दर १० अंश खाली आलं की वेग साधारण निम्मा होतो. ४८ अंशांवर जे काम दोन तासांत होतं, त्याला ३८ वर चार, २८ वर आठ आणि १८ वर सोळा तास लागतील. जुलैमध्ये खोलीत गर २६-२७ अंशांना असतो, रात्रभर ठेवला की सकाळी काम झालेलं असतं, आणि आपल्याला वाटतं की तापमानाशी काही देणंघेणं नाही. जानेवारीत पहाटे पारा दहा-बाराच्या आसपास येतो, गर फरशीवर ठेवलेला, त्यात फळ शीतगृहातून आलेलं. मग तेच माप, तेच एन्झाइम, तीच रात्र, आणि सकाळी पळी उभी.

म्हणजे दरवर्षी पेरूचा हंगाम भरात येतो नेमका तेव्हाच एन्झाइम सुस्तावतं. एवढं कळल्यावर माझी अर्धी चिंता मिटली.

उपाय साधा आहे, पण क्रम चुकवू नका. पेरू चिरून, वाटून लगेच ८५-९० अंशांपर्यंत तापवा, एक-दोन मिनिटं राहू द्या. मग टोप थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत ५० पर्यंत उतरवा. थर्मामीटरनं बघा, बोटानं नाही. ५० अंशांचं पाणी हाताला चटका देतं, म्हणून हातानं अंदाज घेणारी माणसं बहुतेक ३८-४० पर्यंत निववून टाकतात. उलट चूक तर आणखी महागात पडते. घाईत ७० अंशांच्या गरात एन्झाइम घातलं तर ते प्रथिनच असल्यामुळे उकडलेल्या अंड्यासारखं बिघडतं, आणि गर नंतर कितीही निवला तरी ते परत जिवंत होत नाही. एन्झाइम आधी वाटीभर गार पाण्यात कालवून घ्या आणि ढवळत धारेनं सोडा. कोरडी पूड वरून भुरभुरली तर गुठळ्या होतात आणि टोपाच्या तळाशी काहीच पोचत नाही.

आता दोन तास ऊब कशी टिकवायची? आमच्याकडे जॅकेटवालं, म्हणजे दुहेरी भिंतीचं, ऊब धरून ठेवणारं भांडं नाही. मी थंडीत दही लावतात तसं करते. टोपावर घट्ट झाकण, भोवती दोन गोधड्या, खाली लाकडी पाट. पंधरा लिटरचा टोप ५० वर गुंडाळला तर दोन तासांनी ४४-४५ ला उतरलेला असतो, तेवढं पुरतं. दर अर्ध्या तासानं एकदा ढवळायचं. वासही सांगतो. पेक्टिन सुटत जातं तसा पेरूचा वास जास्त मोकळा येतो, आणि पळी उचलली की आधी गोळ्यानं पडणारा गर पाण्यासारखा सरकन ओघळतो. मलमलच्या फडक्यातून पहिल्या पाच मिनिटांत किती रस गळतो ते मोजून वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी घरच्या घरी तुलना होते.

तरीही साक्यात कचकच लागली तर एन्झाइमला बोल लावू नका. पेरूत दगडी पेशी असतात, त्यांच्या भिंती लिग्निननं टणक झालेल्या असतात, पेक्टिनेज त्यांना काही करू शकत नाही. त्या गाळूनच काढायच्या.

चार दिवसांनी बाटलीत जेली: बोअरचं पाणी

दुसरी तक्रार वेगळी असते. रस गाळताना बरा दिसतो, पण चार-आठ दिवसांनी बाटलीच्या तळाशी लिबलिबीत थर बसतो, कधी अख्खी बाटलीच थरथरते. हे मला कळायला फार वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पेरूच्या अंगात स्वतःचं पेक्टिन एस्टरेज असतं. फळ चिरलं, वाटलं की ते मोकळं होतं आणि पेक्टिनवरची मिथाइलची टोपणं काढायला लागतं. बुरशीच्या टोळीत टोपणं काढणारा असतो, तसा मागोमाग तोडणाराही असतो. कच्च्या गरात मात्र टोपणं निघत राहतात आणि साखळी बऱ्यापैकी लांबच राहते. उघड्या पडलेल्या जागा ऋण भाराच्या. तिथं कॅल्शियम आलं की त्याचा एकेक कण दोन साखळ्यांना एकदम धरतो, आणि हजारो ठिकाणी असं झालं की कॅल्शियम पेक्टेटची जाळी तयार होते. साखर न घालता झालेली जेली.

आणि कॅल्शियम येतं कुठून? गर पातळ करायला आपण घातलेल्या पाण्यातून. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ आहे. पण शहराच्या कडेला ज्या भागांत बोअर किंवा टँकरवर भागवावं लागतं, तिथलं पाणी पुष्कळदा जड असतं. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ते हेच पाणी. माझ्या एका मैत्रिणीनं युनिट गावातून कडेच्या भागात हलवलं, कृती तीच ठेवली, आणि पहिल्याच महिन्यात ही तक्रार सुरू झाली. बदललं होतं फक्त पाणी.

हा प्रकार आपल्या स्वयंपाकघराला नवा नाही. कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत का भिजवतो? चुन्यातलं कॅल्शियम पेक्टिनला बांधतं, म्हणून फोड पाकात शिजूनही कुरकुरीत राहते. पेठ्यात हवीशी असलेली गोष्ट आपल्या बाटलीत नको असताना घडते, एवढाच फरक.

म्हणून वाटलेला गर फ्रिजमध्ये रात्रभर कच्चा ठेवू नका. थंडीत फळाचं एन्झाइम मंदावतं, थांबत नाही. वाटल्या वाटल्या ८५-९० ला न्यायचं ते यासाठीच, आणि त्यानं रस काळवंडायचाही थांबतो. पातळ करायला आरओचं किंवा नळाचं पाणी घ्या. शेवटी बाटलीत भरण्याआधी स्पिरिटची चाचणी पुन्हा करा. गोळा येत नसेल तर जेली बनायला लांब साखळ्याच उरलेल्या नाहीत, मग थोडं कॅल्शियम असलं तरी बिघडत नाही.

चाचणीत काहीच आलं नाही, तरी गढूळ

मग बहुधा स्टार्च. अर्धवट पिकलेल्या पेरूत तो चांगलाच असतो, आणि थंडीत घाईनं उतरवलेलं फळ बाहेरून पिवळट दिसलं तरी आत कच्चं निघतं. थोडा रस उकळून पूर्ण गार करा, टिंचर आयोडीनचा एक थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर स्टार्च आहे. पेक्टिनेज त्याला हात लावणार नाही. त्याला अमायलेज हे स्टार्च तोडणारं एन्झाइम लागतं, किंवा फळ दोन दिवस आढीत घालून नीट पिकवावं लागतं. मी दुसरा मार्ग घेते, चवही सुधारते.

आयोडीननंही काही दाखवलं नाही आणि रस फ्रिजमध्ये ठेवल्यावरच धूसर होत असेल, तर प्रथिन आणि टॅनिन यांची जोडी. जांभळाच्या रसात हे हटकून होतं. बेंटोनाइट मातीनं ते खाली बसतं. पण बेंटोनाइट प्रथिनं ओढून घेतं आणि एन्झाइमही प्रथिनच, म्हणून माती नेहमी एन्झाइमचं काम संपल्यावर घाला. आधी घातली तर एन्झाइम तिच्याबरोबर साक्यात जाऊन बसेल. काही ठिकाणी यासाठी जिलेटिन सुचवतात. ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून येतं. आपल्या बाटल्या उपासाला आणि शाकाहारी घरांत जातात, त्यामुळे मी ते वापरत नाही, आणि कुणी वापरत असेल तर गिऱ्हाइकाला तसं सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे.

आता एन्झाइमवरच संशय असेल तर

सरळ परीक्षा घ्या. पेरूच्या साली आणि कडक फोडी उकळून, गाळून दाट पाणी करा. स्पिरिटमध्ये त्याचा घट्ट गोळा येतो ना, ते बघून घ्या. तीन ग्लास ५० अंशांच्या पाण्याच्या परातीत ठेवा. एकात नुसतं पेरूचं पाणी, दुसऱ्यात एन्झाइम, तिसऱ्यात तेवढंच पण आधी पाच मिनिटं उकळलेलं एन्झाइम. तासाभरानं तिन्हीची स्पिरिट-चाचणी करा. दुसऱ्यात गोळा नाही आणि बाकी दोन्हीत आहे, तर एन्झाइम उत्तम आहे आणि चूक आपल्या कृतीत आहे. तिन्हीत सारखाच गोळा आला तरच माल परत करा.

माल मेला असेल तर बहुतेक आपल्याच हातून. एप्रिल-मे मध्ये पुण्यात चाळिशीला टेकणारा उन्हाळा असतो, आणि बाटली शेगडीशेजारच्या फळीवर. द्रव एन्झाइम फ्रिजमध्ये, पूड घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत, आणि ओला चमचा आत जाता कामा नये.

एक फसगत वेगळी सांगते, कारण स्वस्त मिळतं म्हणून दोघी-तिघी तिच्यात अडकलेल्या मला माहीत आहेत. सुती कापड धुण्याच्या प्रक्रियेसाठीही पेक्टिनेज विकतात. ते बहुतेक जिवाणूंचं पेक्टेट लायेज असतं, त्याला ८ च्या वरचा पीएच लागतो (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट). पेरूचा रस ४ च्या आसपास असतो, तिथं ते ढिम्म हलत नाही. शिवाय ते खाद्यपदार्थासाठी बनवलेलंच नसतं. पाकिटावर फूड ग्रेड आणि फळांच्या रसासाठी असं स्पष्ट लिहिलेलं हवं. बुरशीच्या पेक्टिनेजला साधारण ३.५ ते ५ पीएच मानवतो. म्हणजे पेरू, जांभूळ, सफरचंद यांना काही करायला नको. लिंबाच्या रसात मात्र पीएच अडीचच्या आत-बाहेर असतो, तिथं नेहमीचं एन्झाइम अडखळतं. यावरून एक सवय लावून घ्या: साखर, सायट्रिक ॲसिड आणि केएमएस (रस टिकवायला घालतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) हे सगळं एन्झाइमचं काम झाल्यावर.

"बुरशीचं एन्झाइम" म्हटल्यावर प्रदर्शनात लोक दचकतात, तेही सांगायला हवं. चाकणचा कांदा सोलताना सालीखाली काजळीसारखी काळी पूड बोटांना लागते ना, ती पुष्कळदा हीच ॲस्परजिलस नायजर. कांद्याच्या पापुद्र्यांत शिरायला ती हीच पेक्टिन तोडणारी एन्झाइमं वापरते. कारखान्यात तिची पारखलेली जात वाढवतात, एन्झाइम गाळून घेतात, बुरशी मागे राहते. रस शेवटी पाश्चराइज केला की एन्झाइमही निष्क्रिय होतं. आपण सरबतात घालतो ते सायट्रिक ॲसिडही १९१७ च्या जेम्स करी यांच्या शोधानंतर याच बुरशीकडून मिळवलं जाऊ लागलं. पण म्हणून कांद्यावरची बुरशी खरवडून घरी एन्झाइम बनवायच्या फंदात कुणी पडू नका. तिच्या काही जाती ऑक्रॅटॉक्सिनसारखं विष बनवतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पारखलेल्या सूक्ष्मजीवांचा संग्रह करायला पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वेगळी व्यवस्था आहे, ते काम तिथलं.

आज टोपात गढूळ रस पडलाय, त्याचं काय?

अजून साखर घातली नसेल तर वाचेल. ५० पर्यंत गरम करा, पाकिटावरचं माप एकदाच घाला, गोधडीत दोन तास ठेवा, चाचणी करा. साखर घालून स्क्वॅश झाला असेल तर त्यामागे लागू नका. एवढ्या साखरेत एन्झाइम फार मंद चालतं, पुन्हा तापवण्यात पेरूचा वास उडून जातो. गढूळ पेरू स्क्वॅश चवीला उत्तम लागतो, लेबलवर "गरासह" लिहून विका. जेली धरलेला गर मात्र परत पातळ करायच्या मागे लागू नका. चाळणीतून काढून साखर घाला आणि मंद आचेवर आटवा, पेरूची वडी छान पडते. मावशींनी मागच्या जानेवारीत तशाच गराच्या ताटभर वड्या थापल्या, सुरी लावली तर कडा तुटल्या नाहीत.